पोहोचलो म्हणेपर्यंत

व्हाइस ॲडमिरल प्रभंजन टिपणीस निवृत्त झाले त्याला सहा महिने होत आले, तरी त्यांची गाडी दोर लावून ओढणारे अधिकारी अजून थांबले नव्हते.

आरमारात तशी पद्धतच आहे. साहेब निवृत्त झाले की त्यांना गाडीत बसवायचं, इंजिन बंद ठेवायचं आणि हाताखालच्या अधिकाऱ्यांनी पांढऱ्या गणवेशात गाडी ओढत बाहेर न्यायची. साहेब फाटकाशी ‘पोहोचलो’ म्हणतात, दोर सुटतो, सगळे जेवायला जातात. टिपणीसांनी मात्र उभ्या नोकरीत खोटा अहवाल दिला नव्हता. फाटकाशी कमांडर सोहोनींनी विचारलं, “पोहोचलात, सर?” टिपणीसांनी मनाशी नीट चाचपून पाहिलं.

“अजून नाही,” ते म्हणाले.

सोहोनी शिस्तीचे. त्यांनी दोर पुन्हा खांद्यावर घेतला.

पुणे मागे पडलं. बढत्या रस्त्यातच होत होत्या. खंडाळ्याला लेफ्टनंट असलेला वाकणकर साताऱ्याला लेफ्टनंट कमांडर झाला. खंबाटकीत वाहतूक हवालदारानं हात केला.

“गाडी बिघडलीय का?”

“नाही. साहेब निवृत्त झालेत.”

“अस्सं. मग डावीकडनं घ्या. मागनं ट्रक येतायत.”

आत टिपणीसांना चैन नव्हतं. काच खाली कर, वर कर. टोपी काढ, घाल. गाव दिसलं की वाटायचं, हेच. गाव संपलं की पुन्हा पायांची चुळबुळ. बोटीवर असताना घर आठवायचं, सुट्टीत घरी आले की बोट. मन कुठे म्हणून टेकलं नाही, आणि याची त्यांना आता लाज वाटू लागली होती.

कराडच्या घरावरून गाडी दोनदा गेली होती. दोन्ही वेळा पत्नी कुमुदताई दारात औक्षणाचं तबक घेऊन उभ्या होत्या, आणि दोन्ही वेळा “अजून नाही” ऐकून गाडी कोल्हापूरकडे निघाली होती. तिसऱ्या खेपेला तबक नव्हतं. दाराला कुलूप होतं आणि कुमुदताई पायरीवर बॅग घेऊन बसल्या होत्या.

टिपणीसांनी काच खाली केली. “कुठे निघालीस?”

“तुमच्याबरोबर. सरका जरा.”

“अगं, पण घर?”

“घर सांभाळलं की इतकी वर्षं. सासू-सासऱ्यांचं केलं, पोरांचं केलं. तुम्ही यायचात ते अर्धेच यायचात. आता पुरे झालं.”

त्या आत बसल्या, बॅग मांडीवर घेतली, दार लावलं. टिपणीस अंग चोरून बसले. मग हळूहळू त्यांचे पाय शांत झाले. त्यांना एकदम रडूच आलं.

सोहोनी खिडकीशी वाकले. त्यांचे खांदे सोलवटले होते. “पोहोचलात, सर?”

टिपणीसांनी तोंड उघडलं. कुमुदताईंनी त्यावर हात ठेवला.

“गप्प बसा हो,” त्या म्हणाल्या. “कमांडर, मी अजून समुद्र पाहिलेला नाही.”

सोहोनींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अधिकाऱ्यांनी दोर खांद्यावर घेतला आणि गाडी चिपळूणच्या रस्त्याला लागली.