मानेचं काम

स्टूल आणायला स्वयंपाकघरापर्यंत कोण जाणार, एवढा एकच आळस दाजींनी केला आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

माळ्यावरची बॅग काढायची होती. कपाटाला टेकून मेहुण्याची इलेक्ट्रिक गिटार उभी होती. लांबच लांब, धरायला सोपी, आणि टोकाशी खुंट्यांचा चपटा भाग असा, की बॅगेच्या पट्ट्यात बरोबर अडकावा. गिटारची खोळ फाटू नये म्हणून दाजींनी आधी ती काढून घडी घालून ठेवली (वस्तू जपण्यात ते फार काटेकोर), मग गिटारचं टोक पट्ट्यात अडकवलं आणि ओढलं. बॅग आली. तिच्याबरोबर 'कड्' असा आवाजही आला आणि खुंट्यांचा भाग चीर जाऊन लोंबू लागला.

"काय पडलं हो?" बायकोनं बाहेरून विचारलं.

"बॅग," दाजी म्हणाले. हे खोटं नव्हतं, तेवढाच त्यांना आधार वाटला.

दाजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानातले तराजू, तेलाची मापं, कापडाच्या मीटरपट्ट्या तपासायच्या, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायच्या, हे त्यांचं काम. आयुष्य त्यात गेल्यामुळे जगात कुणीही कुणाला पुरेपूर देत नाही अशी त्यांची खात्री झाली होती. घरी चहा आला तरी ते आधी कप डोळ्यांसमोर धरून पातळी बघत. अशा माणसाचं सासरी फारसं कौतुक नसतं. सासरे त्यांना मागून 'शिक्का' म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. एकटा मेहुणा मात्र त्यांना मानायचा. जहाजावर नोकरीला जाताना तो गिटार घेऊन आला आणि बहिणीच्या देखत म्हणाला, "ताई, ही तुझ्याकडे ठेवत नाहीये. दाजींकडे ठेवतोय." दाजींना आयुष्यात इतकं चांगलं कुणी काही बोललं नव्हतं.

तोच मेहुणा आता रजेवर येणार होता. त्याच्या जुन्या मित्रांनी वाजवण्याचा एक कार्यक्रम ठरवला होता. तो रंगला तर जहाजाला रामराम ठोकून इथेच मित्रांबरोबर वाजवत राहायचं, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. आणि वर म्हणाला होता, "गिटारची मला काळजीच नाही, दाजी आहेत."

गिटारच्या लांब दांड्याला मान म्हणतात, हे दाजींना वाद्यांच्या दुकानात समजलं. नवी मान मागवली तर मेहुणा परत समुद्रात पोचल्यावर येईल, असं दुकानदार म्हणाला.

"त्यापेक्षा चिकटवा की," तो म्हणाला.

"चिकटवलेलं माप आम्ही रद्द करतो," दाजी म्हणाले.

"माप नाही हो, गिटार."

"तत्त्व तेच."

आणि तिथेच, त्या काउंटरवर, दाजींनी ठरवलं की मान आपण स्वतःच करायची. एक लाकडी दांडा तर आहे. चार स्क्रू काढले की जुना सुटतो, चार लावले की नवा बसतो. त्यांनी फ्रेटची तार तेवढी विकत घेतली. फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या, त्यांच्यामधल्या घरात बोट दाबलं की सूर बदलतो. त्या कशा बसवायच्या हे दुकानदाराला विचारता आलं असतं. पण दुकानदाराला प्रश्न विचारायचा तो गुन्हा सिद्ध करण्यासाठी, शिकण्यासाठी नव्हे, ही खात्यातली सवय आड आली.

तिथून ते वखारीत गेले.

"मानेसाठी फळी हवी आहे."

वखारवाल्यानं त्यांच्या मानेकडे पाहिलं. "डॉक्टरांनी सांगितलंय का?"

"डॉक्टरांचा काय संबंध?"

"मग मनानं काही करू नका. माझा साडू असाच फळीवर झोपायला लागला. आता मागं बघायचं तर अख्खा वळतो."

"माझी नाही हो. मान मोडली आहे ती मेहुण्याची."

"कधी?"

"मंगळवारी. माझ्याच हातून."

वखारवाल्यानं हातातली करवत हळूच मागच्या कट्ट्यावर ठेवली. दाजींनी गिटारचा खुलासा केल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, पण फळी मापून देईपर्यंत तो दोन पावलं लांबच उभा होता. त्यानं एवढंच बजावलं की लाकूड मुरलेलं लागतं, ही फळी ओली आहे, वाकेल. दाजींनी ऐकलं नाही. वाकेल असं सांगून वाकणारी वस्तू विकणं हा गुन्हा ठरतो की नाही, याचा ते विचार करत होते.

मग रजा. साहेबांना त्यांनी फोनवर सांगितलं, "मानेचं काम निघालंय." साहेब म्हणाले, "जपा." एवढ्यावर भागलं असतं, पण संध्याकाळी ऑफिसातला सहकारी दारात उभा. हातात गळ्याला बांधायचा जाडजूड पट्टा, साहेबांनी स्वतःचा जुना पाठवलेला.

"वहिनी, रात्रीसुद्धा काढू देऊ नका," तो म्हणाला.

"काय झालंय यांना?" बायकोनं विचारलं.

"तुम्हाला सांगितलं नाही? धन्य आहे यांची. किती सोसतात."

आता पट्टा बांधणं भाग होतं. बायको काळजीनं पहारा देऊ लागली. हनुवटी आभाळाकडे ठेवून दाजी मागच्या गॅलरीत काम करू लागले. "मोकळ्या हवेत बसायला सांगितलंय," असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं, आणि करवतीचा आवाज शेजारून येतोय असंही.

पहिल्यांदा त्यांनी मोडकी मान समोर ठेवून तिची मापं घेतली, आणि ते चाटच पडले. खुंट्यांजवळचं पहिलं घर ऐसपैस. दुसरं त्याहून लहान. तिसरं आणखी लहान. असं कमी कमी होत शेवटी बोट मावेल न मावेल एवढं घर. म्हणजे गिऱ्हाईक पाहतं ते टोक भरघोस, आणि पुढे पुढे हात आखडता. इतकी वर्षं नोकरी केली, पण असला उघड उघड प्रकार त्यांच्या पाहण्यात नव्हता. (संगीतातलं कुणीही सांगेल की ही घरं अशी लहान लहान होत गेली तरच सूर जुळतात. पण गॅलरीत संगीतातलं कुणी नव्हतं.) बिचारा मेहुणा. त्यानं इतकी वर्षं हे बिनतक्रार चालवून घेतलं. दाजींच्या मनातला अपराधीपणा त्या क्षणी बराच हलका झाला. आपण मोडलं ते एक वाईटच माप होतं. आता त्याला अशी मान करून द्यायची, की सगळी घरं अगदी सारखी.

वखारवाल्याची फळी वाकली. वाकली ती वाकलीच, वर पटाशीनं आत खाच पाडताना पटाशी मागून बाहेर आली. खाच लागते, कारण मान ताठ राहावी म्हणून आत लोखंडी सळई असते. सळईसाठी दाजींनी बैठकीतल्या पडद्याचा गज काढला आणि पडदा धुवायला टाकला. राहिलं मुरलेलं लाकूड. घरात मुरलेलं लाकूड एकच होतं. पलंगाखालची आडवी पट्टी, तीसुद्धा बायकोच्या बाजूची, कारण त्या बाजूला गाठी नव्हत्या.

रंधा मारला, कानस चालवली, पॉलिश पेपरनं घासघास घासलं. पट्ट्यामुळे खाली बघता येईना म्हणून अर्धं काम चाचपून झालं. हाताच्या सालपटांपेक्षा लाकडाची कमी निघाली असतील. कापलेल्या तारेचे तुकडे सोफ्यात शिरले. आणि बायको दुपारी जरा आडवी झाली तेव्हा पलंगाची तिची बाजू तिच्यासकट जमिनीला टेकली.

"अहो," आतून आवाज आला. आवाज शांत होता, त्यामुळे दाजी जास्त घाबरले.

दाजींनी सगळं सांगितलं. बायकोनं आधी पलंगाकडे पाहिलं, मग बैठकीतल्या बिनपडद्याच्या खिडकीकडे, मग त्यांच्या गळ्याकडे.

"तो पट्टा काढा आधी."

"आता खरंच दुखतेय," दाजी म्हणाले. आणि खरंच दुखत होती.

"त्याला फोन करून सांगून टाका ना मोडली म्हणून. तो काय खाणार आहे तुम्हाला?"

"खाणार नाही. दुसरं काहीतरी म्हणेल."

"काय म्हणेल?"

"'असू दे दाजी' म्हणेल."

पलंगाखाली बायकोनं जुन्या मासिकांचे गठ्ठे लावले आणि दाजींना चहा आणून दिला, काठोकाठ, पातळी न बघता घेतील असा.

मान पुरी झाली. पॉलिश केलं, जुन्या खुंट्या बसवल्या, चार स्क्रू आवळले, तारा लावल्या. दाजींनी तारांवरून अंगठा फिरवला. झंकार आला. घरात बोट दाबून वाजवतात हे त्यांनी वाचलं होतं, पण प्रत्यक्ष दाबायची त्यांना छाती झाली नाही. लांबून मान हुबेहूब दिसत होती. जवळून पलंगासारखी दिसत होती, पण ते पलंग ओळखणाऱ्यालाच कळलं असतं.

मेहुणा आला, ताईच्या पाया पडला, दाजींना मिठी मारून पट्ट्याची चौकशी केली आणि गिटार मांडीवर घेतली.

"वा, दाजी. होती त्याच्यापेक्षा उजळलीय."

"पुसत होतो अधूनमधून," दाजी म्हणाले.

त्याला शंका आली नाही. शंका येईल असं काही दाजींच्या हातून होईल हेच मुळी त्याच्या डोक्यात येणार नव्हतं. त्यानं घरांवर बोटं ठेवली आणि वाजवलं. जो आवाज निघाला त्याला सूर म्हणणं कठीण होतं. सगळे सूर हजर होते, पण एकमेकांशी भांडण झाल्यासारखे. मेहुण्यानं खुंट्या पिळल्या, पुन्हा वाजवलं. डोळे मिटून वाजवलं. मग हळू, एकेक बोट ठेवून, शिकाऊ पोरासारखं. तेच.

त्याचा चेहरा पार उतरला. गिटार त्यानं खाली ठेवली आणि तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

"ताई, गेलं सगळं," तो म्हणाला. "हात गेला माझा. कानही गेला. जहाजावर साखळदंड ओढून ओढून काही उरलं नाही बघ. कार्यक्रमाचं नाही म्हणून सांगतो त्यांना. उगाच मोठमोठ्या गप्पा मारल्या मी."

दाजी बघत होते. मेहुण्याला कधीही काही कळणार नव्हतं. मान निर्दोष सुटत होती, दाजी निर्दोष सुटत होते, फक्त हा पोरगा आयुष्यभरासाठी जहाजावर जाणार होता. त्याला दाजींवर शंका घेण्यापेक्षा स्वतःवर घेणं सोपं गेलं. बायको त्यांच्याकडे पाहतही नव्हती, पडदा नसलेल्या खिडकीतून बाहेर बघत होती.

"तुझा हात ठीक आहे," दाजी म्हणाले. "मान माझी आहे."

"दुखतेय का फार?"

"ती नाही, ही. गिटारची. मी केली. जुनी मी मोडली. बॅग काढताना."

मान खाली घालायची ती वेळ होती, पण पट्ट्यामुळे तीही सोय नव्हती. छताकडे बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं, अगदी पलंगासकट. मग कपाटामागून जुनी मान काढून दिली.

मेहुण्यानं ती उलटसुलट पाहिली. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं लांबूनही दिसत होतं. "दाजी, नुसती चीर गेलीय हिला. गोंद भरून एक दिवस दाबून ठेवली असती तरी झालं असतं. मी करतो आजच." मग त्यानं नव्या मानेवरून बोट फिरवलं आणि तो हसायला लागला. हसता हसता सोफ्यावर बसला, तारेचा तुकडा टोचून उठला, तरी हसणं थांबेना. "सगळी घरं सारखी? दाजी, सगळी सारखी?"

"कुणाला कमी का द्यायचं?" दाजी म्हणाले.

"असू दे, दाजी," मेहुणा डोळे पुसत म्हणाला.

म्हणालाच शेवटी. दाजींना ते फार लागलं. सगळं कबूल केलं होतं, सगळं सोडलं होतं, पण माणसाला काहीतरी राखून ठेवावं लागतं.

"सुरात नसेल," ते ताठ मानेनं म्हणाले (दुसरा इलाजच नव्हता), "पण मापाला उभी राहील. कुणीही मोजून बघावं. एका घरात दुसऱ्यापेक्षा केसभर फरक निघाला तर नोकरी सोडतो."

बायको उठली. शिवणाच्या डब्यातली टेप तिनं आणली आणि ती मानेवर लावून, एकेक घर अंगठ्यानं दाबत पुढे पुढे गेली. मध्येच थांबली. मागे येऊन पुन्हा मोजलं.

"हे सातवं मोठं आहे," ती म्हणाली. "आणि नववं बारीक. अहो, असं निघालं तर तुमच्या ऑफिसात काय करतात?"



"जप्त," दाजी छताकडे बघत म्हणाले.