काचेच्या तारेत प्रकाशाची लाट फुटली त्याची हकिकत

॥ श्री ॥ कृष्णा-कोयनेचे पाणी डोळ्यांस लावोन, खोटे लिहिल्यास लेखणीस वाळवी लागो ऐसे म्हणोन, कऱ्हाड मुक्कामी जे घडले ते यथास्थित लिहितो.

चिरंजीव सन्मती, सांगलीकडील जैन शेतकऱ्याचा पुत्र, कऱ्हाडच्या एका अभियांत्रिकी विद्यालयी वर्षानुवर्षे डॉक्टरेटच्या वेढ्यास बसला होता. त्याचा दावा ऐसा जे, काचेच्या केसाएवढ्या तारेत मंद उजेड सोडिला तर निमूट जातो. मात्र जबर सोडिला तर काचेचीच मर्जी फिरते, आणि उजेडाची सपाट लाट आपली आपण फुटोन तिचे तुकडे होतात. हे परीक्षकांस दाखविले तर पदवी. न दाखविले तर घरी जाऊन उसास पाणी पाजणे.

परीक्षक भरतेश सर सांगलीकर सोबत्यांसह दाखल जाहले. सारेच नेमधर्माचे, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण घेत नसत. म्हणोन सन्मतीच्या मातोश्री चंदनबाला दिवस असता पाने पडावी या बेताने पुरणपोळ्यांचा डबा घेऊन जातीने हजर. आणि मार्गदर्शक शिवतेजराव, ज्यांची मिशी मोठी आणि मसलत लहान, त्यांनी हुकूम फर्माविला जे, जोर वाढवा. मग जोर वाढविला, लाट ढिम्म. मग आणखी वाढविला, आणि तारेचा जोडच जळाला; मग नवा जोड केला, आणि लाट रुसल्या जावयासारखी हलेना. इकडे ऊन खिडकीखाली उतरले.

परीक्षक मंडळ भिंतीलगत एका ओळीने गंभीर बसले होते. तों भरतेश सरांनी शेजाऱ्याच्या कानी लागोन पुशिले, "दिवस हाय तवर जेवान हुतंय का न्हाई?" भुकेपुढे प्राध्यापकी भाषा टिकत नाही. ती कुजबुज कानोकानी गेली, आणि पाहता पाहता ओळ मोडली. कोठे दोघे घड्याळ पाहू लागले, कोठे तिघे डब्याभोवती गोळा जाहले. सन्मतीने हे पाहिले मात्र, आणि त्यास आपल्याच प्रबंधातील कलम आठवले जे, लाट फोडावयास बारीकशी चुळबूळ पुरे. शिवतेजरावांच्या धाकाने आपण आपलेच लिहिणे विसरलो, याची त्यास मोठी लाज वाटली.

मग त्याने जोर उतरविला, आणि मोठ्या झोतात किंचित निराळ्या रंगाचा एक मंद झोत मिसळला.

"आरं, जोर कमी कशापायी करतोस?" शिवतेजराव गरजले.

तों उजेडातील रंग मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरील एकल्या सुळक्यास दोन्ही अंगांनी शिंगे फुटली, मग शिंगांपलीकडे आणखी शिंगे, म्हणजेच लाट फुटली. भरतेश सर ताडकन उठले. पुन्हा दाखविण्याचा हुकूम जाहला. मंद झोत काढिला, लाट सपाट; सोडिला, फुटली. ऐसा खेळ बहुत वेळ चालला, आणि मग सरांनी खिडकीकडे पाहिले, तों बाहेर अंधार.

"जेवान गेलं," सर म्हणाले, "पर जिंकलास गड्या. सही कुठं करू?"

"पदवीनं पोट भरतंय व्हय?" मातोश्री बोलल्या, आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

येणेप्रमाणे सन्मती फत्ते पावोन डॉक्टर जाहला. मोहिमेत काचेचा एक जोड कामास आला. परीक्षक, मातोश्री आणि खुद्द विजयी वीर उपाशी राहिले. शिवतेजरावांस सूर्यास्ताचा नेम नव्हता. सबब त्यांनी डबा एकट्याने सर केला, आणि बोटे चाटीत फर्माविले जे, हे यश केवळ आमच्या मार्गदर्शनाचे, तैसेच नोंदवावे.

नोंदविले.