अध्यक्षांच्या नावाचा डबा

ज्या वस्तूवर कुणाचं नाव नाही ती वस्तू सहकारात अस्तित्वातच नसते, आणि जिच्यावर अध्यक्षांचं नाव आहे ती बंद पडली तरी बंद पडलेली धरत नाहीत. कोल्हारच्या अलीकडे प्रवरेच्या कालव्याची एक चारी निघते. तिच्यावरच्या पाणी वापर संस्थेनं हे तत्त्व फार मनापासून पाळलं होतं. कार्यालयात एकूण एकेचाळीस वस्तू. त्यांतल्या अडतीस वस्तूंवर अध्यक्ष आप्पासाहेबांचं नाव होतं: कमान, बाकडी, पाण्याची टाकी, भिंतीवरचं घड्याळ (बंद), तक्रारपेटी (कुलूपबंद). उरलेल्या तीनांत दोन माठ आणि एक मांजर. मांजराला नाव देण्याचा विषय दोन सभांत येऊन गेला, पण ते विरोधी पॅनेलवाल्यांच्या घरी दूध पितं अशी खात्रीलायक माहिती मिळाल्यानं तहकूब झाला.

अशा संस्थेची वेबसाईट करायचं काम रेश्माला मिळालं. रेश्मा म्हणजे गावातल्या छबूबाईंची सून, संगमनेरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. सासूबाईंचा एक एकर कांदा चारीच्या पार शेवटाला, त्यामुळे पाण्याच्या कामात तिचा जीव होता. शेतकऱ्यानं मोबाईलवरून पाण्याची मागणी नोंदवायची, मागण्यांची यादी पाटकरी आसारामच्या मोबाईलवर जायची, आणि यादीत नाव असेल त्याच्याच वावरात आसारामनं पाणी सोडायचं. प्रोग्राममध्ये मागण्या साठवायला तिनं एक डबा केला आणि त्याला नाव दिलं 'मागणी'.

मासिक सभेत तिनं हे पडद्यावर दाखवलं. सचिव गहिनीनाथांनी चष्मा कपाळावर सारून विचारलं की, हे मागणी म्हणजे कोण? कुणीच नाही म्हटल्यावर सभागृहात चिंता पसरली. दोनशे बारा शेतकऱ्यांचं पाणी, आणि ते असं बेवारस डब्यात? ठराव क्रमांक चौदा एकमतानं मंजूर झाला: डब्याला आप्पासाहेबांचं नाव द्यावं. रेश्मानं सत्त्याऐंशी ठिकाणी नाव बदललं. महिन्याभरात आप्पासाहेबांच्या राजीनाम्याची तारीख जवळ आली.

राजीनाम्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. निवडून आले त्याच दिवशी बाराही संचालकांनी देवळात बेलभंडारा उचलून ठरवलं होतं की, पाच वर्षांत प्रत्येकानं पाच-पाच महिने अध्यक्ष व्हायचं. (सत्तेचं इतकं समन्यायी वाटप पाण्याचंही होत नाही.) म्हणजे दर पाच महिन्यांनी सत्त्याऐंशी ठिकाणी नाव बदलणं आलं. रेश्मानं कपाळावर हात मारला आणि मग डोकं चालवलं.

वेबसाईटच्या त्या भाषेत डब्याच्या नावाआधी डॉलरची खूण लावतात. दोन खुणा लावल्या तर अर्थ असा की, आधी हा डबा उघडा, आत एक चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर ज्याचं नाव असेल त्याच्या नावाचा डबा शोधा आणि पुढचं काम तिथं करा. तसा डबा नसेल तर प्रोग्राम निमूटपणे नवा करतो. रेश्मानं 'अध्यक्ष' नावाच्या डब्यात चिठ्ठी ठेवली. आता चिठ्ठी बदलली की सगळीकडे नाव बदलणार. संचालकांना हे समजावून सांगताना तिला घामसुद्धा आला नाही. खुर्चीत कोण बसलंय ते आधी बघायचं आणि मगच कामाचं बोलायचं, हे त्यांना कॉम्प्युटर यायच्या आधीपासून येत होतं. (डॉलर म्हणजे परदेशी मदत का, एवढंच एकानं विचारलं. इतिवृत्तात 'होय' अशी नोंद आहे.)

आप्पासाहेब गेले, सुनीलराव आले, चिठ्ठी बदलली. प्रोग्रामनं सुनीलरावांच्या नावाचा डबा शोधला, तो नव्हता, म्हणून कोरा करकरीत नवा केला. दोनशे बारा मागण्या आप्पासाहेबांच्या डब्यात होत्या तशाच राहिल्या, सुरक्षित आणि सुस्थितीत. पडद्यावर आलं, 'प्रलंबित मागण्या: शून्य'.

रेश्मा घाबरून कार्यालयात धावली, तोवर चौकात फ्लेक्स लागला होता: 'पदभार घेताच सर्व मागण्या निकाली!' तिनं दुरुस्ती सुचवली. उरलेल्या दहा भावी अध्यक्षांनी आपापलं शून्य डोळ्यांसमोर आणलं आणि ठराव क्रमांक बावीस मंजूर केला: सुरळीत चाललेल्या यंत्रणेत ढवळाढवळ करू नये. लोकांनी पुन्हा मागणी भरून पाहिली. पण कुणी दोनदा पाणी लाटू नये म्हणून रेश्मानंच पावत्यांची वेगळी नोंद ठेवली होती, त्यामुळे प्रत्येकाला उत्तर आलं, 'आपली मागणी आधीच नोंदलेली आहे, धन्यवाद.' कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं. यादी कोरी म्हणून आसारामनं पाणी नियमानुसार ओढ्याला सोडलं.

छबूबाईंचा कांदा माना टाकायला लागला. पोटच्या पोरासारखा वाढवलेला कांदा, बाईचा जीव खालीवर व्हायला लागला. त्या आप्पासाहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, मागणी माझ्याच डब्यात आहे, अभिमान आहे, पण आता पद नाही. सुनीलराव म्हणाले, पद आहे, पण माझ्या डब्यात तुमची मागणी नाही. दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांनीही चहा पाजला.

घरी आल्यावर रेश्मानं त्यांना ते चिठ्ठीचं सगळं सांगितलं. छबूबाईंनी ऐकून घेतलं.

"मंग त्या चिठ्ठीवर माजं नाव टाक की."

"आत्या, तुम्ही साध्या संचालकसुद्धा नाही."

"त्या मशिनीला कुटं म्हाईत हाय?"

मशिनीला खरंच माहीत नव्हतं. रेश्मानं चिठ्ठीवर छबूबाईंचं नाव लिहिलं, नवा डबा तयार झाला, पावतीची अट बाजूला सारून सासूबाईंची मागणी तिनं आपल्या हातानं त्यात घातली. सकाळी आसारामला यादी मिळाली: अध्यक्ष छबूबाई, मागण्या एक. तीस वर्षांच्या नोकरीत अध्यक्षाचं नाव वाचून त्यानं कधी शंका काढली नव्हती. त्यानं बांधावर येऊन नमस्कार केला आणि अख्ख्या चारीचं पाणी एका एकरात फिरवलं. वाफे भरले, पात ताठ झाली, रेश्माचा जीव भांड्यात पडला. पाणी भरून वाहायला लागलं तसं उरलेलं ओढ्याला गेलं.

पलीकडच्या वावरात सविता उभी होती. तिचा कांदा बांधाला लागूनच, आणि करपलेला.

"रेश्मा, आमचं कवा?"

रेश्मा म्हणाली, मागणी नोंदलेली आहे. व्हय, पावती हाय, म्हणत सविता घराकडे वळली. रेश्माला गलबलून आलं. ती चिठ्ठीवर सविताचं नाव टाकायला बसली, तर छबूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. फुडच्या पाळीला बी कांदा पानी मागंलच." चिठ्ठी तशीच राहिली.

चिठ्ठीवर पुन्हा आप्पासाहेबांचं नाव लिहिलं असतं, तर त्यांच्या डब्यातल्या दोनशे बाराच्या दोनशे बारा मागण्या आसारामच्या यादीत आल्या असत्या, सविताची आणि छबूबाईंची धरून. लिहायला तेवढाच वेळ लागला असता. रेश्माला हे सुचलं तेव्हा पाणी ओढ्यात गेलं होतं. राहता राहिलात आपण, वाचकहो. आपणांस आवश्यक ती सर्व माहिती वेळेवर पुरवण्यात आली होती, आणि आपल्या वावरात कांदाही नव्हता. तरी छबूबाईंचे वाफे भरले तेव्हा आपणही हुश्श म्हणालात.