पायाळू सून

स्वयंपाकघरात वाटी टणटणत घरंगळली आणि दुपारची शांतता मोडली. चार वर्षांच्या लेकीला, तनूला थोपटणाऱ्या रूपालीने कान टवकारले. वाटीपाठोपाठ आवाज आला, "अगं आई गं!"

फळीवरचा डबा काढायला सासूबाई, चंपाबाई, पाटावर चढल्या होत्या. उतरताना पाय मुरगळला. बघता बघता घोटा टम्म सुजला. सोमवारी रूपाली वाळूजच्या कंपनीत पुन्हा रुजू होणार होती. तनूला सांभाळणार होत्या याच चंपाबाई.

हाड शाबूत आहे, डॉक्टर म्हणाले. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. रूपालीने सगळं निगुतीने केलं.

"बर्फानं कुठं मुरगळ जाती व्हय?" चंपाबाई कुरकुरल्या.

"पायाळूचा पाय लागाया पाहिजे," शेजारच्या आशाबाई म्हणाल्या. "पण आता आणायचा कुठून?"

तेवढ्यात रूपालीच्या आईचा फोन आला. स्पीकरवर होता, हेच चुकलं.

"अहो विहीणबाई, शोधता कशाला? आमची रूपी पायाकडूनच जन्मली की!"

इतकी वर्षं सुनेने दागिना लपवून ठेवला असावा, तसं चंपाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "घरात दवा, आन् मी बर्फ धरून बसले! मार लाथ."

"आई, तुम्हाला? लाथ?"

"लाजू नको. लग्नापास्नं कधीतरी मनात आलंच आसंल."

रूपालीने अंगठा टेकवला आणि लगेच वाकून नमस्कार केला.

"गुदगुल्या काय करती? नीट मार!"

मग एक लाथ, एक नमस्कार, असं बराच वेळ चाललं.

सूज उतरली ती बर्फाने आणि पडून राहिल्याने. नाव झालं लाथेचं. आशाबाईंनी ते गल्लीभर केलं. रविवारी दारात चपलांचा ढीग पडला. चंपाबाई पट्टी बांधूनच सगळ्यांना चहा देत फिरत होत्या. "आमच्या सुनंची लाथ लई गुणाची!"

रूपालीला हायसं वाटलं. सोमवार वाचला.

पडेगावचे अप्पाराव कंबर धरून पालथे पडले. पाठ कसली, भिंतच. "जोरात हाण पोरी, भिऊ नको!"

तिने जोरात हाणली आणि मटकन खालीच बसली. अप्पाराव टुणकन उठले. "लई आराम पडला!"

रूपालीचा घोटा मात्र फुगत चालला होता. चंपाबाई बर्फ घेऊन आल्या.

"आता दुसरा पायाळू कुठं मिळायचा?" आशाबाईंनी कपाळाला हात लावला.

तनू आईच्या दोन्ही पायांकडे आळीपाळीने बघत होती.

"मम्मी, तुझा हा पाय त्या पायाला लाव ना. सगळ्यांना चालतो, मग तुला का नाय चालत?"