थिजत नाय ते खा

आमच्या लालबागच्या बाजारात हिरूमावशीकडून मासळी घ्यायची तर एक वेळ पिशवी नसली तरी चालते, रक्तातल्या कोलेस्ट्रॉलचा रिपोर्ट मात्र लागतो. चेष्टा करत नाही. चाळिशी ओलांडलेलं गिऱ्हाईक समोर आलं की तिचा पहिला प्रश्न, "शेवटचा कदी काढलास? वाचून दाखव." स्वतः वाचत नाही. "चष्मा घरी ऱ्हायला." पंधरा वर्षं झाली, तो चष्मा काही शीवच्या कोळीवाड्यातून बाजारात पोचलेला नाही. आम्ही सगळे समजून आहोत. विचारायची कुणाची छाती नाही.

पण एकदा ऐकलेला आकडा ती विसरत नाही. आमच्या शेजारचे कामत, बँकेतले साहेब माणूस. त्यांना भर बाजारात ओरडली, "ओ कामत, दोनशे तीस! मटणवाल्याकडं काय बगताव?" साहेब मुकाट बांगडे घेऊन घरी.

तिचं शास्त्र सोपं आहे. "मटणाचा रस्सा फ्रीजमदनं काढ. वर पांढरा थर जमतो ना? चमच्यानं खरवडावा लागतो. आता माज्या तारलीचं कालवण काढ. तेल भरपूर हाय, पन वाहतंय. थंड पान्यात ऱ्हानारा मासा तो, त्याचं तेल थिजून कसं चालंल? थिजत नाय ते खा."

हे मी माझ्या डॉक्टरांना सांगितलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "हेच पेशंटला समजवायला मला अर्धा तास लागतो हो!" मला असा अभिमान वाटला, की जणू मावशीला मीच शिकवून बाजारात बसवलंय.

भांडण होतं ते कोलंबीवरून. डॉक्टर म्हणाले होते, तिच्यात चरबी फारशी नसते, कोलेस्ट्रॉल असतं, कधीमधी खाल्लीत तर हरकत नाही. मावशीच्या कायद्यात 'कधीमधी' नव्हतं. आकडा दोनशेच्या वर गेला की कोलंबी बंद. समोर ढीग पडून राहिला तरी बंद! आपला माल असा अडवून धरणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

गेल्या वर्षी माझा आकडा आला दोनशे बासष्ट, आणि पाटावर टपोरी, ताजी कोलंबी. माझी नियत फिरली. मी वाचलं, "एकशे बासष्ट."

मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कोलंबी दिली. जरा कमीच दिली.

परवा गेलो तर रिपोर्ट मागितलाच नाही. पाटाखालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. वर तिचंच नाव. "आठ दिस झालं. वाच."

"मावशी, एवढे दिवस का थांबलीस?"

कोयता खाली ठेवत ती म्हणाली, "माज्या धन्याचा रिपोर्ट भाच्यानं वाचलेला. म्हनला, सगलं बरं हाय. माया होती पोराची, वाईट बोलवलं नाय. आमी खुशीत मटन केलं. चार म्हयन्यांत धनी गेला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला वाचता येत नाय रे. घरी आता वाचनारं कोन नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पण मीच कशाला? मी तर गेल्या वर्षी..."

"ठावं हाय. खोटं वाचलास तवा तुजा आवाज बारीक झाला. म्हनून तर तुला दिलं. तू खोटं वाचलास तर मला कलेल."

पाकीट उघडलं. आकडा मी दोनदा पाहिला. शंभर कमी करून सांगावं, असं एका क्षणाला वाटलंसुद्धा. मावशी डोळे मिटून नुसती ऐकत होती.

"दोनशे एक्क्याऐंशी," मी खणखणीत वाचलं.

"खरं वाचलास." मी पहिला नंबर काढल्यासारखं कौतुक होतं तिच्या तोंडावर.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर."

स्वतःच्या जेवणासाठी बाजूला काढून ठेवलेली कोलंबी तिने उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली.

"तुला नाय हां! आयेला दे. तिचा एकशे सत्तर हाय."