चुंबकवाले प्रल्हादमामा

आमच्या ताडकळसमध्ये सकाळी फिरायला निघालेल्या माणसामागे एखादं कुत्रं तरी लागतंच. प्रल्हादमामांच्या मागे चुंबक असतं. डीजेच्या फुटक्या स्पीकरमधून काढलेलं, भाकरीएवढं, काळं आणि जड. त्याला सुतळी बांधून मामा ते बसस्टँडपासून बाजारापर्यंत फरफटत नेतात. परत येतात तेव्हा त्याला खिळे, टाचण्या, बाटल्यांची बुचं, सायकलचे छरे अशी भली दाढी आलेली असते. "रस्ता साफ," असं स्वतःलाच सांगत ते गाळ्याचं शटर वर करतात. पंक्चरवाला त्यांना बघितलं की तोंड फिरवतो.

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या गाळ्याला लागून आहे. मधे एकच पत्रा. त्यामुळे मामांविषयी बोलायचा जितका हक्क मला आहे तितका या गावात कुणालाच नाही. मी सोसलंय.

मामांचा धंदा धार लावायचा. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कडबाकुट्टीची पाती. बाकीचे लोक पातं पायाखाली दाबतात, नाहीतर एका हातात धरतात आणि दुसऱ्या हातानं ग्राइंडर चालवतात. मामांना ते बघवत नाही. "हात काय पकड हाय का? हात जेवायला दिलाय देवानं!" त्यांनी बाभळीच्या फळीत खाचा पाडून स्पीकरची चुंबकं बसवली आहेत. पातं वर ठेवलं की खट्ट करून बसतं. मग दोन्ही हातांनी ग्राइंडर धरून मामा असे वाकतात, जणू लेकराला काजळ घालायचंय. बारक्या वस्तूंसाठी लाकडी मूठ आहे, तिच्या टोकाला छोटं चुंबक. वस्तू मुठीला चिकटवायची आणि फिरत्या दगडाला लावायची. बोटं लांब.

एकदा त्या फळीवरून एक विळा सटकला आणि मधल्या पत्र्यावर असा आदळला की माझ्या हातातलं ब्लाउज दोन टाके वाकडं गेलं. मी भांडायला बाहेर आले, तर मामा आनंदात. "सुनिता, कळलं का? चुंबक उचलू देत न्हाई, पण सरकू देतंय! म्होरं आडण पायजे." दुसऱ्या दिवशी फळीच्या पुढच्या कडेला लोखंडी पट्टी ठोकलेली होती आणि ती बघायला मला हातातलं काम टाकून बोलावण्यात आलं. चुंबक तापलं की मामा मशीन बंद करून त्यावर ओलं फडकं टाकतात. "तापलं की चिकटायचं इसरतंय ते," म्हणतात.

जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, चिकटणाऱ्या आणि न चिकटणाऱ्या, हा मामांचा सिद्धांत. एका लग्नात आहेराच्या भांड्यांना त्यांनी खिशातलं चुंबक लावून बघितलं आणि भर मांडवात मोठ्यानं म्हणाले, "चिकटंना की हे!" नवरीच्या बापाला वाटलं, भांडी खोटी म्हणायलेत. दोन्हीकडच्या माणसांची समजूत काढता काढता मसालेभात गार झाला. मामा मात्र तोवर मांडवाचे खांब तपासत होते.

त्यांना एका जागी ठरता येत नाही. "बसा की मामा," म्हटलं की उभ्यानंच "बसलो की" म्हणतात. अर्धा चहा माझ्या दुकानात पितात, उरलेला हातात घेऊन रस्ता ओलांडतात आणि कप तिकडेच कुठंतरी ठेवून येतात. पोरगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला की बोलत बोलत गल्लीच्या टोकापर्यंत जातात. मामी होत्या तेव्हाही हे होतंच, पण तेव्हा संध्याकाळी तरी माणूस घरी टेकायचा. मामी गेल्या आणि पायाला चाकंच लागली. मला त्यांच्याकडे बघूनच दम लागतो.

आता भांडणाकडे येते. मामांनी माझ्या मोठ्या कात्रीला धार लावली, चुंबकावर ठेवून. धार एक नंबर. पण कात्री टेबलावर ठेवली की आजूबाजूच्या टाचण्या धावत यायच्या. कापड कापताना पात्याला सुया लोंबायच्या. मी कात्री त्यांच्यापुढे आपटली. "मामा, हे काय केलंत?"

"चुंबकावर राहिली की थोडं लागतंच अंगाला. फुकट मिळालं तुला. टाचणी पडली तर हुडकायला नको."

"मला कात्री पाहिजे, जत्रेतला खेळ नको!"

मामा दिवसभर खूश. मी आठवडाभर बोलले नाही, म्हणजे फक्त कामापुरतं बोलले. कात्रीचं हसू झालं, तेवढ्यावर भागलं. पण तोच प्रकार गंगाधरच्या कडबाकुट्टीच्या पात्यांना झाला, तेव्हा कुणाला हसू आलं नाही.

गंगाधर गावाच्या कडेला राहतो. चार जनावरं आहेत, त्यातली एक म्हैस चंद्री. चंद्री मूळची मामींची. मामींनी तिला रेडकू असल्यापासून वाढवलेली. मामी गेल्यावर ती मामांना धार काढू देईना, म्हणून मामांनी तिला गंगाधरच्या दावणीला बांधून टाकलं. त्यानंतर त्या बाजूला पाऊल म्हणून टाकलं नाही. सकाळचं चुंबक घेऊन सगळं गाव फिरायचे, ती एक गल्ली सोडून.

बाजाराच्या दिवशी गंगाधर आला तो चेहरा पाडूनच. "मामा, चंद्री दोन दिस झालं तोंड लावंना. आन् तुमी धार लावलेल्या पात्याला बघा, लोखंडाच्या बुकणीची लव फुटलीय. ती कडब्यात पडायलीय का काय?"

मामांनी ग्राइंडर बंद केला. पत्र्यापलीकडचा तो आवाज मला नकोसा झालेला असतो, पण त्या दिवशी तो थांबला आणि मी मशीन सोडून दाराशी आले. मामा चप्पल न घालता निघाले. मी दुकान तसंच टाकून मागे पळाले.

चंद्री पाठीला पोक काढून उभी होती. कोपरं बाहेर, मान लांब. गाभण होती. जनावरांचे डॉक्टर आधीच आलेले. त्यांनी तिच्या खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून दाबली, तशी ती कण्हली. "पोटात तार गेलीय," ते म्हणाले.

"बुकणी न्हाई?" मामांनी विचारलं.

"बुकणीनं असं होत नाही. तार किंवा खिळा. आता इंजेक्शन देतो आणि चुंबक घालतो."

"कुठं?"

"तिच्या पोटात. तार धरून ठेवतं, पुढं काळजाकडं सरकू देत नाही."

मामा थक्क झाले. डॉक्टरांच्या हातातलं ते बोटाएवढं गुळगुळीत चुंबक त्यांनी घेतलं, खिशातला खिळा लावून ओढून बघितला आणि परत दिलं. "पकड बरी हाय," म्हणाले. दुसरा कुणी असता तर मी हसले असते. खिळा परत खिशात घालायचंही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टरांनी चुंबक घशाखाली उतरवलं, पुढचे पाय उंचावर राहतील असा मातीचा ओटा करायला सांगितला आणि जाता जाता म्हणाले, "उद्यापर्यंत तोंड लावलं तर वाचली. नाहीतर पोट उघडावं लागेल, आणि गाभण जनावराचं मी काही सांगू शकत नाही."

मामांनी कडब्याचा सगळा ढीग उपसला. मूठ मूठ कापलेला कडबा चुंबकावरून फिरवला. दुपारपर्यंत त्यांना तारेचे तीन तुकडे सापडले. कुणीतरी पेंढी बांधायला बांधकामाची तार वापरली होती. कुट्टीनं ती कडब्याबरोबर कापली होती, सपासप, टोकं चकाकत होती. मामा ते तुकडे तळहातावर घेऊन बघत राहिले.

"बोथट पातं असतं तर आडलं असतं," म्हणाले. "खडखड वाजलं असतं. गंगाधरला कळलं असतं. म्या लय धार लावली."

"मामा, तार तुम्ही नाही टाकली," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. गोठ्यातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, परत गोठ्यात. गंगाधरची बायको म्हणाली, "मामा, मलाच गरगरायलंय, थांबा की जरा."

दुसऱ्या दिवशीही चंद्रीनं तोंड लावलं नाही. हिरवा घास, पेंड, गूळ, सगळं पुढं करून झालं. ती मान फिरवायची. गंगाधरची बायको हळूच म्हणाली, "मामींच्या हातचं कसं मुकाट खायची."

मामा उठले आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, सहन होईना म्हणून गेले.

थोड्या वेळानं आले ते मामींचं लुगडं नेसून. हिरवं, लाल काठांचं. विजारीवरूनच गुंडाळलेलं, पदर डोक्यावर, आणि कपाळावर धारेच्या कामाचा चष्मा तसाच चढवलेला. भर दिवसा, बाजारातून चालत. घरधनीण नसली की तिचं लुगडं नेसून धार काढावी, जनावर फसतं, असं आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मामी गेल्या तेव्हा लोकांनी मामांना हेच सुचवलं होतं आणि मामांनी एकेकाला शिव्या घातल्या होत्या.

कुणी हसलं नाही. मामा चंद्रीजवळ गेले आणि घशातून एक बारीक आवाज काढला, "ये गं माय... ये चंद्रे... खा गं..." अगदी मामींचा हेल. चंद्रीनं कान हलवले. पदराला नाक लावलं, एकदा, परत एकदा, आणि खोल श्वास ओढून हुंगत राहिली. मग मामांच्या ओंजळीतला घास तिनं ओढला. चावला.

गंगाधरची बायको रडायलाच लागली. मामा दुसरा घास देत होते, पाठ आमच्याकडे.

"धुतलं न्हाई म्या ते," म्हणाले. "ती गेल्यापसून धुतलं न्हाई."

घास संपल्यावर त्यांनी लुगडं सोडलं, घडी घातली आणि गव्हाणीच्या वरच्या खुंटीला, चंद्रीचं नाक पोचेल असं टांगलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, इथं शेणाचा वास लागेल त्याला. चार दिवसांत मामींचा काही उरायचा नाही."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "तिला खायचंय."