भाल्याचं माप

शस्त्रं बिचारी आपणहून कुणाच्या वाटेला जात नाहीत. शनिवारी मीच एक भाला चादरीत गुंडाळून संग्रहालयातून घरी आणला, कारण त्याच्या पात्याला गंज चढला होता आणि सोमवारी तपासणी होती. (मी तिथं शस्त्रविभागात कारकून आहे. तलवारी, गदा, कट्यारी आणि बारा भाले माझ्या ताब्यात असतात. घरी सफरचंदसुद्धा बायको कापून देते.) नवे तपासणी साहेब टेप घेऊन फिरतात आणि वहीतलं माप जुळलं नाही की माणसाला तळघरात फायली लावायला धाडतात, अशी बातमी होती.

पातं काढलं, दांडा दाराशी टेकवला आणि पातं घासायला न्हाणीघरात जाऊन बसलो. बाहेर करवतीचा आवाज येत होता. शेजाऱ्यांकडे काम निघालं असेल, म्हणून मी खुशाल घासत राहिलो.

तासाभरानं बाहेर येतो तर हॉलच्या खिडकीला नवा पडदा.

"वर्षभर मागे लागले होते," बायको म्हणाली. "आणलात एकदाचा दांडा."

"अगं, तो भाला आहे."

"मग टोक कुठंय त्याचं?"

मी हातातलं पातं दाखवलं. तिनं बोलावलेला सुतार हत्यारं आवरत होता. "फूटभर जास्त होता साहेब, उडवला," तो म्हणाला. "लाकूड मात्र टणक हं."

"चारशे वर्षांचं आहे ते."

"मग वाळलेलं असणारच."

"आणि तो तुकडा?"

"त्याच्या दारांखाली लावायला पाचरी केल्या. चार निघाल्या."

मला तळघर दिसू लागलं. तिथं उंदीर आहेत, आणि सगळा शस्त्रविभाग सांभाळूनही मी उंदराला घाबरतो. पडदा उतरवून रविवारभर दांड्याला पातं परत बसवत होतो. बायकोला शेवटी दया आली. "तुम्ही भाल्याशेजारी जरा वाकून उभे राहा," ती म्हणाली, "म्हणजे उंच वाटेल."

सोमवारी मी वाकूनच उभा होतो. साहेबांनी पहिला भाला मोजला. "सात फूट. वहीत सहा." दुसराही तसाच. तिसऱ्याला त्यांनी चष्मा पुसला. नोंदी माझ्याच हातच्या होत्या, अकरा वर्षांपूर्वीच्या. नवीन नोकरी, पात्यांची धास्ती. मी तेव्हा सगळे नुसते दांडेच मोजले होते. अकरावा भाला होईपर्यंत मला उंदरांचे चेहरेही दिसू लागले.

मग बारावा आला. साहेबांनी टेप लावली, वहीत पाहिलं, पुन्हा टेप लावली.

"सहा फूट. वहीत सहा. अख्ख्या विभागात एवढा एकच बरोबर आहे. याचं माप कुणी घेतलं?"

खोटं बोलायलाही धाडस लागतं. "सुतारानं," मी म्हणालो.

"तरीच," साहेब सही करत म्हणाले. "बाकीचे अकराही त्याच्याच हातून करून घ्या. तुम्ही नुसती टेप धरा."